ओपनसिममधले फोर्स एलिमेंट चुकीचे वागतात तेव्हा: सेटिंग तपासायची पद्धत

ओपनसिम हे शरीराच्या हालचालींचं संगणकावर सिम्युलेशन करणारं सॉफ्टवेअर, आणि फोर्स एलिमेंट म्हणजे त्याच्या मॉडेलवर बल लावणारे घटक: स्प्रिंग, लिगामेंट, स्नायू, जमिनीशी संपर्क. चालण्याच्या सिम्युलेशनमध्ये गुडघा सरळ होताच झटक्याने मागे फेकला जातो. पाऊल जमिनीतून आरपार जातं. इंटिग्रेटर, म्हणजे क्षणाक्षणाने पुढची हालचाल मोजत जाणारा भाग, एका विशिष्ट क्षणाशी अडकतो आणि तासभर हलत नाही. किंवा यातलं काहीच होत नाही, स्प्रिंग लावूनही आलेख आधीसारखाच येतो. यातला शेवटचा प्रकार सगळ्यात घातक, कारण तिथे कुठेही लाल अक्षरं दिसत नाहीत आणि चुकीचा निकाल बिनबोभाट पुढे जातो.

अशा वेळी हात आधी स्टिफनेसच्या, म्हणजे कडकपणाच्या, आकड्याकडे जातो. तो कमी करून बघायचा, मग डॅम्पिंग (वेगाला होणारा विरोध) वाढवायचं, तरी जमलं नाही तर टॉलरन्स (इंटिग्रेटरला चालणारी चूक) सैल करायचा. एवढं केल्यावर मॉडेल बहुतेक वेळा धावतं, पण का धावलं ते सांगता येत नाही. त्यापेक्षा ज्या एलिमेंटवर संशय आहे तो एकटा बाजूला काढा, त्याचं बल कागदावर काढा आणि सॉफ्टवेअरच्या आकड्याशी ताडून बघा. तोवर एकही सेटिंग बदलू नका. खालचा क्रम याच हिशेबाने लावला आहे. तपशील ओपनसिमच्या ४.० पासून पुढच्या आवृत्त्यांचे आहेत.

बल लागतंय का, हे आधी बघा

ओपनसिमची मॉडेल फाइल म्हणजे एक्सएमएल. तिच्यात टॅगचं नाव एका अक्षराने चुकलं तर प्रोग्रॅम सहसा तक्रार करत नाही. तो टॅग सोडून देतो आणि मूळची डिफॉल्ट किंमत वापरतो. कोऑर्डिनेटवर (सांध्याचा कोन किंवा सरकण्याचं अंतर यावर) लावायच्या साध्या स्प्रिंगचे, म्हणजे स्प्रिंग जनरलाइज्ड फोर्सचे, स्टिफनेस आणि व्हिस्कॉसिटी (तिचं डॅम्पिंग) डिफॉल्टने शून्य असतात. ‘स्टिफनेस’ हा टॅग लिहिताना एक ‘एफ’ राहून गेला की स्प्रिंग मॉडेलमध्ये असते, यादीत दिसते, आणि बल शून्य देते.

हे पकडायची सोपी युक्ती आहे. मॉडेल उघडा, काहीही न बदलता दुसऱ्या नावाने साठवा आणि दोन्ही फाइली तुलना करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये शेजारी शेजारी लावा. तुम्ही हाताने लिहिलेला टॅग नव्या फाइलमध्ये दिसत नसेल, तर तो वाचलाच गेलेला नाही. दहा-बारा एलिमेंट हाताने लिहिले असतील तर ही तपासणी सगळ्यात आधी.

त्यानंतर चालू-बंदची खूण. ३.x मालिकेत ‘इज डिसेबल्ड’ हा टॅग होता. ४.० पासून त्याच्या जागी ‘ॲप्लाइज फोर्स’ आला आणि अर्थ उलटा झाला. पूर्वी ‘फॉल्स’ म्हणजे एलिमेंट चालू, आता ‘ट्रू’ म्हणजे चालू. जुनी फाइल ओपनसिमने स्वतः नव्या रूपात आणली असेल तर बदल आपोआप होतो. जुन्या फाइलमधला तुकडा नव्या फाइलमध्ये चिकटवला असेल तर होत नाही.

तिसरी गोष्ट जोडणीच्या पत्त्यांची. नव्या आवृत्तीत फ्रेम (अक्षांची चौकट) आणि बॉडी (हाडाचा भाग) यांचा उल्लेख पूर्ण पाथने होतो: बॉडीसेटमधली उजवी टिबिया (नडगीचं हाड), जॉइंटसेटमधल्या उजव्या गुडघ्याखालचा त्याचा कोऑर्डिनेट, असा. कोऑर्डिनेट लिमिट फोर्समध्ये (सांधा मर्यादेपलीकडे गेला की त्याला परत ढकलणाऱ्या एलिमेंटमध्ये) मात्र कोऑर्डिनेटचं नुसतं नाव लागतं. एकाची सवय दुसरीकडे नेली की लोड होतानाच अडतं. ही चूक निदान बोलकी तरी आहे, लॉग फाइलमध्ये न सापडलेलं नाव दिसतं.

शेवटी ॲनालाइज टूलमध्ये फोर्स रिपोर्टर (प्रत्येक एलिमेंटचं बल क्षणाक्षणाला नोंदवणारा) जोडा आणि अर्ध्या सेकंदाची कोणतीही हालचाल चालवा. संशयित एलिमेंटच्या स्तंभात सतत शून्य असेल तर पुढच्या भागांकडे वळायची घाई नको, दोष इथेच आहे.

एककं: अंश की रेडियन

फोर्स एलिमेंटच्या तक्रारींमध्ये सगळ्यात मोठा वाटा एककांचा असतो. ओपनसिम आतून सगळीकडे मीटर, किलोग्रॅम, सेकंद आणि रेडियन वापरतं, पण काही एलिमेंट वापरकर्त्याच्या सोयीसाठी अंश मागतात. कोण काय मागतो ते असं:

- कोऑर्डिनेट लिमिट फोर्स: मर्यादा आणि ट्रान्झिशन अंशांत, स्टिफनेस न्यूटन-मीटर प्रति अंश, डॅम्पिंग न्यूटन-मीटर भागिले अंश प्रति सेकंद. सरकणाऱ्या कोऑर्डिनेटसाठी मीटर आणि न्यूटन प्रति मीटर.
- स्प्रिंग जनरलाइज्ड फोर्स: सगळं रेडियनमध्ये. रेस्ट लेंथसुद्धा (जिथे स्प्रिंगचं बल शून्य असतं ती किंमत).
- बुशिंग फोर्स: फिरण्याचा स्टिफनेस न्यूटन-मीटर प्रति रेडियन, सरकण्याचा न्यूटन प्रति मीटर.
- पाथ स्प्रिंग: स्टिफनेस न्यूटन प्रति मीटर, डिसिपेशन (त्याचं डॅम्पिंग) सेकंद प्रति मीटर.
- ब्लांकेवूर्ट लिगामेंट (हाडं जोडणारा अस्थिबंध): लिनियर स्टिफनेस न्यूटन प्रति एकक स्ट्रेन (मूळ लांबीच्या प्रमाणात झालेली वाढ).
- कोऑर्डिनेटची स्वतःची रेंज: फाइलमध्ये रेडियन, पडद्यावरच्या स्लायडरवर अंश.

शेवटच्या ओळीमुळे बराच गोंधळ होतो. फाइलमध्ये कोऑर्डिनेटच्या रेंजमध्ये -२.०९४४ लिहिलेलं असतं, म्हणजे -१२० अंश. तोच आकडा उचलून लिमिट फोर्सच्या खालच्या मर्यादेत टाकला की मर्यादा -२.०९ अंशांवर बसते आणि गुडघा जेमतेम दोन अंश वाकल्यावर अडतो.

स्टिफनेसमध्ये घोटाळा झाला तर फरक ५७.३ पटींचा असतो. म्हणून निकालात कुठेही ५७ पट जास्त किंवा कमी आकडा दिसला, तर दुसरं कारण शोधण्याआधी अंश-रेडियन बघा.

स्टोरेज फाइलच्या वर ‘इन डिग्रीज’ अशी एक ओळ असते. सुरुवातीची स्थिती देणाऱ्या फाइलमध्ये कोन रेडियनमध्ये आणि त्या ओळीत ‘येस’ असेल, तर ०.५ रेडियनचा गुडघा अर्ध्या अंशावर सुरू होतो. लिमिट फोर्सचं सेटिंग बरोबर असूनही मग मॉडेल पहिल्याच क्षणी भलतीकडे असतं. (दुसऱ्या प्रोग्रॅममधून मॉडेल आणताना जपून. मुजोकोच्या मूळ फाइल-प्रकारात कोन डिफॉल्टने अंशांत असतात, पण जॉइंटचा स्टिफनेस प्रति रेडियनच असतो.)

लिमिट फोर्स जवळून

सर्वाधिक छळणारा एलिमेंट हाच, म्हणून जरा थांबून बघू.

कोऑर्डिनेटच्या रेंजला ‘क्लॅम्प्ड’ केलं की मर्यादा पाळली जाते, असा समज सार्वत्रिक आहे. ते बंधन इनव्हर्स किनेमॅटिक्समध्ये (मोजलेल्या हालचालीवरून सांध्यांचे कोन काढताना) आणि स्लायडरवर चालतं. फॉरवर्ड सिम्युलेशनमध्ये (बलांवरून हालचाल काढताना) त्याचा काही उपयोग नाही, तिथे सांधा अडवायला बलच हवं. ते बल स्नायूंचं निष्क्रिय बल, लिगामेंट किंवा लिमिट फोर्स यांपैकी कुणाकडून तरी यावं लागतं.

लिमिट फोर्सचं काम असं चालतं. कोऑर्डिनेट मर्यादेच्या आत असेपर्यंत बल शून्य. मर्यादा ओलांडली की स्टिफनेस शून्यापासून हळूहळू चढत जातो आणि मर्यादेपलीकडे ‘ट्रान्झिशन’इतकं अंतर गेल्यावर पूर्ण होतो. ट्रान्झिशनचा पट्टा मर्यादेच्या आत नसून बाहेर असतो, हे ध्यानात ठेवा. गुडघा ० अंशावर ठाम थांबायला हवा म्हणून वरची मर्यादा ० आणि ट्रान्झिशन १० दिलं, तर गुडघा चार-पाच अंश उलटा वाकताना दिसणारच. सेटिंगप्रमाणे तेच अपेक्षित आहे. तो वाकणं नको असेल तर मर्यादाच पाच अंश आत घ्या.

आता आकडे. समजा स्टिफनेस २० न्यूटन-मीटर प्रति अंश आणि ट्रान्झिशन ५ अंश आहे. मर्यादेच्या २.५ अंश पलीकडे आपण पट्ट्याच्या मध्यावर आहोत, तिथे स्टिफनेस निम्मा, म्हणजे १०. बल झालं १० × २.५ = २५ न्यूटन-मीटर. ५ अंश पलीकडे स्टिफनेस पूर्ण, बल १०० न्यूटन-मीटर. हे दोन आकडे कागदावर लिहून ठेवा, चाचणीत लागतील.

हा स्टिफनेस कितपत कडक आहे? पिंढरी आणि पाऊल मिळून गुडघ्याभोवतीचं इनर्शिया (फिरण्याचं जडत्व) ०.४ किलोग्रॅम-मीटर वर्ग धरू. २० प्रति अंश म्हणजे ११४६ प्रति रेडियन. स्टिफनेसला इनर्शियाने भागून वर्गमूळ काढलं की कोनीय वारंवारता साधारण ५३.५ रेडियन प्रति सेकंद येते आणि एक आवर्तन ०.१२ सेकंदांचं. इंटिग्रेटरला हे सहज झेपतं. तेच कुणी ११४६ हा आकडा थेट ‘प्रति अंश’च्या रकान्यात टाकला, तर आवर्तन सुमारे ०.०१६ सेकंदांवर येतं. मॉडेल लगेच फुटत नाही, पण पाऊल टाकताना गुडघा थरथरतो आणि सिम्युलेशन रेंगाळतं. लोक मग स्नायूंवर संशय घेतात.

डॅम्पिंगचंही तसंच. वरच्याच आकड्यांनी क्रिटिकल डॅम्पिंग (झोके न येता थांबण्यापुरतं) ४२.८ न्यूटन-मीटर-सेकंद प्रति रेडियन येतं. अंशांत ते फक्त ०.७५. त्याच्या पाचव्या हिश्शाने सुरुवात करा, म्हणजे ०.१५. इथे ४२.८ टाकलं तर सेकंदाला १०० अंशांच्या वेगाने मर्यादा ओलांडणाऱ्या गुडघ्यावर चार हजार न्यूटन-मीटरच्या वरचा टॉर्क येऊ पाहतो, आणि त्या हालचालीचा कालमान ०.१६ मिलिसेकंदांवर उतरतो. डॅम्पिंग वाढवलं की सिम्युलेशन शांत होतं, हा समज इथे उलटतो. जादा डॅम्पिंगही इंटिग्रेटरला जादा स्टिफनेसइतकंच जड जातं.

डॅम्पिंग मर्यादेबाहेरच लागू होतं. दोन मर्यादांच्या आत पाय संथ व्हावा म्हणून लिमिट फोर्सचं डॅम्पिंग वाढवण्यात अर्थ नाही, त्यासाठी वेगळी स्प्रिंग लावून तिची व्हिस्कॉसिटी वापरा.

आणि चिन्ह. गेट २३९२ या जुन्या मॉडेलमध्ये गुडघा वाकला की कोन ऋण होतो. राजगोपाल यांच्या २०१६ च्या मॉडेलमध्ये तो धन होतो. एकाचा लिमिट फोर्स दुसऱ्यात चिकटवला तर वाकण्याची मर्यादा ताणण्याच्या बाजूला जाते आणि गुडघा सरळ उभ्या अवस्थेतही ढकलला जातो. नवं मॉडेल हाती आलं की प्रत्येक स्लायडर एकदा हलवून कोणती दिशा धन आहे ते लिहून घ्या.

एका सांध्याची चाचणी

संशयित एलिमेंट वेगळा काढायची कृती अशी:

१. मॉडेलची प्रत करा. मूळ फाइलवर प्रयोग नको.

२. गुरुत्वाकर्षणाचे तिन्ही घटक शून्य करा.

३. तपासायचा कोऑर्डिनेट सोडून बाकी सगळे लॉक करा. श्रोणीचे सहाही आले.

४. स्नायूंसकट इतर सगळ्या एलिमेंटचं ‘ॲप्लाइज फोर्स’ बंद करा. स्नायू नुसते शिथिल ठेवून भागत नाही, त्यांचं निष्क्रिय बल उरतंच.

५. कोऑर्डिनेटची सुरुवातीची किंमत मर्यादेपलीकडे २.५ अंशांवर ठेवा, वेग शून्य.

६. अर्धा सेकंद फॉरवर्ड सिम्युलेशन चालवा आणि फोर्स रिपोर्टरची पहिली ओळ वाचा.

वेग शून्य असल्याने डॅम्पिंगचा वाटा नाही, म्हणून पहिल्या ओळीत २५ यायला हवेत. चिन्ह कोऑर्डिनेटला मर्यादेत परत ढकलणारं हवं. ० आले तर मर्यादेचं एकक किंवा चिन्ह चुकलं आहे. १४०० च्या आसपास आकडा आला तर स्टिफनेस ५७ पट झाला आहे. ५० आले तर एकच एलिमेंट दोन नावांनी दोनदा बसला आहे का ते शोधा. मॉडेलं एकमेकांत मिसळताना हे हमखास होतं.

त्यानंतर पुढचा आलेख बघा. मर्यादेच्या आत आल्यावर पाय जवळपास स्थिर वेगाने सरकत राहायला हवा, कारण तिथे अडवणारं काहीच नाही. मध्येच वेग कमी होत असेल तर बंद केलं असं तुम्ही धरलेलं एखादं बल अजून चालू आहे. स्नायूसंच बंद करून लिगामेंट राहून जाणं हे नेहमीचं कारण.

साध्या स्प्रिंगसाठी आवर्तनाची चाचणी याहून सोपी. इनर्शिया ०.४ आणि स्टिफनेस १० असेल तर झोका १.२६ सेकंदांचा यायला हवा. तुमच्या मनात १० न्यूटन-मीटर प्रति अंश होतं तर तुम्ही ०.१७ सेकंदांची अपेक्षा करत असाल. घड्याळ लावून बघितलं की वाद मिटतो.

बुशिंग: दोन फ्रेमचं भांडण

बुशिंग फोर्स दोन फ्रेममधलं अंतर आणि फिरणं मोजतो आणि त्या प्रमाणात परत ओढतो. कंबरेच्या मणक्यांमध्ये तो सर्रास वापरला जातो. त्याच्या तक्रारी बहुतेक फ्रेमच्या जागेच्या असतात, स्टिफनेसच्या क्वचित.

पहिली तपासणी: मॉडेल डिफॉल्ट स्थितीत ठेवा आणि बुशिंगचं बल वाचा. तटस्थ स्थितीत ते शून्य असावं असं तुम्ही धरलं असेल आणि तसं नसेल, तर दोन्ही ऑफसेट फ्रेम एकमेकींवर बसलेल्या नाहीत. स्केलिंगनंतर (मॉडेल माणसाच्या मापाचं केल्यावर) हे पुन्हा तपासायला हवं.

दुसरी चूक जरा खोल आहे. दोन मणके आधीच बॉल जॉइंटने जोडलेले असतात आणि त्यावर बुशिंग बसवलं जातं. बुशिंगच्या फ्रेमचा आरंभबिंदू जॉइंटच्या केंद्रापासून २ सेंटिमीटर दूर आहे आणि सरकण्याचा स्टिफनेस १ लाख न्यूटन प्रति मीटर आहे असं धरा. सांधा ३० अंश फिरला की दोन आरंभबिंदू सुमारे १.०४ सेंटिमीटर दूर जातात. बल झालं १०३५ न्यूटन, आणि जॉइंटभोवती त्याचा टॉर्क २० न्यूटन-मीटर. फिरण्याच्या स्टिफनेसमध्ये तुम्ही कितीही बारकाईने आकडे भरा, हे २० न्यूटन-मीटर चोरवाटेने येतच राहणार. उपाय दोन: बुशिंगचा आरंभबिंदू नेमका जॉइंटच्या केंद्रावर आणा, किंवा जॉइंटनेच सरकणं अडवलं असेल तर सरकण्याचे तिन्ही स्टिफनेस शून्य करा. दुसरा उपाय जास्त भरवशाचा.

बुशिंग फिरणं तीन क्रमवार कोनांत मोजतं. मधला कोन ९० अंशांजवळ गेला की तिथलं गणित बिघडतं. मणक्यांमध्ये एवढं फिरणं होत नाही, पण खांद्याला बुशिंग लावलं तर होतं. खांद्याला ते लावूच नये.

लिगामेंट आणि पाथ स्प्रिंग: मिलिमीटरचा खेळ

ब्लांकेवूर्ट लिगामेंटचा स्टिफनेस प्रति स्ट्रेन असल्यामुळे न्यूटन प्रति मीटरचा आकडा तिथे चालत नाही. बदलायचं सूत्र सोपं आहे: न्यूटन प्रति मीटरला स्लॅक लेंथने (जिथून ताण सुरू होतो त्या लांबीने) गुणा. १ लाख न्यूटन प्रति मीटर आणि ३० मिलिमीटरची स्लॅक लेंथ म्हणजे ३००० न्यूटन प्रति स्ट्रेन.

इथे खरी मेख स्लॅक लेंथमध्ये आहे. याच लिगामेंटची लांबी स्लॅकपेक्षा १ मिलिमीटर जास्त झाली तर बल साधारण २८ न्यूटन, २ मिलिमीटर झाली तर ११०. (ट्रान्झिशन स्ट्रेन डिफॉल्टचा ०.०६ धरला आहे. त्याच्या आत बल वर्गाच्या प्रमाणात वाढतं, पलीकडे सरळ रेषेत.) जोडणीचा बिंदू १ मिलिमीटर सरकला तरी निकाल चौपट बदलू शकतो. म्हणून आधी स्टिफनेसची चिंता नको. संदर्भ स्थितीत, सहसा गुडघा पूर्ण सरळ असताना, प्रत्येक लिगामेंटचा स्ट्रेन काढा आणि तुम्ही धरलेल्या संदर्भ स्ट्रेनशी जुळवा. जुळत नसेल तर स्लॅक लेंथ बदला: त्या स्थितीतली लांबी भागिले (१ + संदर्भ स्ट्रेन). स्केलिंग केल्यावर हा हिशेब पुन्हा करा.

पाथ स्प्रिंग फक्त ओढतं, ढकलत नाही. रेस्टिंग लेंथपेक्षा आखूड झालं की बल शून्य, आणि ते बरोबरच आहे. डिसिपेशन मात्र वेगाला गुणून ताणात मिसळतं. तो आकडा मोठा असला तर आक्रसणाऱ्या स्प्रिंगचा ताण अवाजवी कमी दिसतो.

दोन्हींत दिसणारा आणखी एक दोष म्हणजे बलाच्या आलेखात अचानक उडी. बहुतेक वेळा मार्ग एखाद्या रॅपिंग पृष्ठावरून (ज्याला वळसा घालून तो जातो) दुसऱ्या बाजूला घसरलेला असतो. कोऑर्डिनेट एकेक अंश सरकवत लांबीचा आणि मोमेंट आर्मचा (सांध्याच्या अक्षापासून बलाच्या अंतराचा) आलेख काढा. तिथेही त्याच कोनावर तुटक रेघ दिसली तर दोष भूमितीचा आहे. स्टिफनेस कमी करून उडी लहान होईल, जाणार नाही.

जमिनीशी संपर्क

पाऊल जमिनीतून आरपार जात असेल तर आधी जमिनीची दिशा बघा. ओपनसिमचा कॉन्टॅक्ट हाफ-स्पेस म्हणजे त्याच्या स्वतःच्या फ्रेममध्ये धन एक्स दिशेची सगळी बाजू. ओपनसिममध्ये उभा अक्ष वायचा असतो, त्यामुळे जमीन हवी असेल तर फ्रेम झेड अक्षाभोवती -१.५७०८ रेडियनने फिरवावी लागते. हे राहून गेलं तर जमीन भिंतीसारखी उभी राहते. पाऊल भिंतीच्या बाहेर असेल तर बल शून्य, आत असेल तर पहिल्याच क्षणी मॉडेल आडवं उडतं.

दुसरं, एलिमेंट आणि आकार यांची जोडी. हंट-क्रॉसली फोर्स हा संपर्काचं बल देणारा एलिमेंट गोल आणि हाफ-स्पेससाठी आहे. पावलाचा मेश (त्रिकोणांनी बनलेला आकार) वापरायचा असेल तर इलॅस्टिक फाउंडेशन फोर्स घ्या. त्याच्या स्टिफनेसचं एकक वेगळं आहे, पास्कल प्रति मीटर. एकाचा आकडा दुसऱ्यात चालत नाही.

हंट-क्रॉसलीचा स्टिफनेस पास्कलमध्ये असतो. किती घ्यावा ते पाऊल किती रुतू द्यायचं यावरून ठरवा. एका पावलाखाली ३ सेंटिमीटर त्रिज्येचे पाच गोल, एका पायावर ७०० न्यूटन, म्हणजे प्रत्येकावर १४० न्यूटन धरा. दोन्ही पृष्ठांना तोच स्टिफनेस दिला तर परिणामी आकडा २.८३ ने भागला जातो. तेवढं धरून हिशेब केला की १० लाख पास्कलला गोल १४ मिलिमीटर रुततो, १ कोटीला ३ मिलिमीटर, १० कोटीला ०.७ मिलिमीटर. टाचेखालचा मऊ भाग लक्षात घेता १ कोटीच्या आसपास सुरुवात करणं रास्त. १० कोटीला निकाल फार बदलत नाही, वेळ मात्र बराच जातो.

मॉडेल उभं असूनही पाऊल हळूहळू घसरत असेल तर ट्रान्झिशन व्हेलॉसिटी बघा. या वेगाच्या खाली घर्षण पूर्ण लागत नाही, वेगाच्या प्रमाणात लागतं. म्हणजे थोडी घसरण या सूत्रातच आहे. ०.२ मीटर प्रति सेकंद ठेवलं तर सिम्युलेशन वेगाने धावतं पण पाऊल रांगतं. ०.०१ ठेवलं तर पाऊल ठाम राहतं, इंटिग्रेटर दमतो.

सुरुवातीची उंचीही तपासा. पाऊल १५ मिलिमीटर रुतलेल्या अवस्थेत सुरू झालं तर १ कोटी पास्कलला एकेका गोलावर सुमारे १५०० न्यूटन येतात आणि मॉडेल उडी मारतं. श्रोणीची उंची बदलत शून्य क्षणाचं एकूण उभं बल शरीराच्या वजनाइतकं आणा, मग सुरू करा.

इंटिग्रेटर अडकला तर

फॉरवर्ड टूलमध्ये इंटिग्रेटरची वेळेतली किमान उडी डिफॉल्टने १०⁻⁸ सेकंद आणि एरर टॉलरन्स १०⁻⁵ असतो. अडकण्याचा अर्थ बहुधा एवढाच की एखाद्या एलिमेंटचा कालमान फार लहान आहे. टॉलरन्स सैल करून ते झाकलं जातं आणि बल चुकीचं मोजलं जातं.

दोषी शोधायला अर्धे एलिमेंट बंद करा आणि अडकण्याच्या क्षणाआधीच्या ०.०५ सेकंदांपासून पुन्हा चालवा. सुटलं तर दोषी बंद केलेल्यांत, नाहीतर उरलेल्यांत. ८० एलिमेंट असले तरी सात फेऱ्यांत एकावर याल. तो सापडला की वर दिल्याप्रमाणे त्याचं आवर्तन काढा. ५ मिलिसेकंदांच्या खाली असेल तर एवढा कडकपणा तुमच्या प्रश्नाला खरंच हवा आहे का ते ठरवा. चालण्याच्या अभ्यासात सहसा नको असतो.

स्नायू दोषी निघाला तर सुरुवातीच्या स्थितीत फायबर लेंथ (स्नायूतंतूची लांबी) समतोलात नसण्याची शक्यता मोठी. फॉरवर्ड टूलमध्ये समतोल काढण्याचा पर्याय चालू करा. तरीही फायबर किमान लांबीला टेकत असेल, तर टेंडनची (स्नायू हाडाला जोडणाऱ्या भागाची) स्लॅक लेंथ त्या स्थितीसाठी जास्त आहे.

एलिमेंट बरोबर, टूल चुकीचं

एकट्या चाचणीत सगळं जुळलं तरी इनव्हर्स डायनॅमिक्सचे (हालचालीवरून सांध्यांचे टॉर्क काढणाऱ्या टूलचे) आकडे विचित्र येऊ शकतात. या टूलमध्ये वगळायच्या बलांची यादी असते आणि तिच्यात सहसा फक्त स्नायू असतात. लिमिट फोर्स, बुशिंग, स्प्रिंग हिशेबात राहतात. त्यामुळे मिळणारा टॉर्क म्हणजे एकूण सांध्याचा टॉर्क वजा या एलिमेंटचा वाटा. प्रकाशित आकड्यांशी तुलना करायची असेल तर तेही यादीत नावाने घाला. ‘ऑल’ लिहू नका, मग बाहेरची बलं, म्हणजे फोर्स प्लेटची (पावलाखालचं बल मोजणाऱ्या पाटीची) आकडेवारीही वगळली जाते.

स्टॅटिक ऑप्टिमायझेशन (सांध्याचा टॉर्क स्नायूंमध्ये वाटून देणारं टूल) ‘मॉडेल फार अशक्त आहे’ अशी तक्रार करून काही बलांची नावं देतं. लगेच त्या स्नायूंचं कमाल बल वाढवू नका. आधी बघा की त्या क्षणी लिमिट फोर्स उलट्या दिशेने ढकलत नाही ना. चिन्ह चुकलेला लिमिट फोर्स स्नायूंकडून नाहक टॉर्क मागत राहतो. रिझर्व्ह ॲक्च्युएटरचा (स्नायू कमी पडले तर टॉर्क पुरवणाऱ्या कृत्रिम घटकाचा) ऑप्टिमल फोर्स १ इतका लहान ठेवला की तो महाग पडतो आणि गरज असेल तेव्हाच वापरला जातो. तो सांध्याच्या निव्वळ टॉर्कच्या ५ टक्क्यांच्या आत राहायला हवा. श्रोणीवरच्या रेसिड्युअल बलांचा (हालचाल आणि मोजलेली बलं यांतला फरक भरून काढणाऱ्या बलांचा) बिंदू श्रोणीच्या वस्तुमानकेंद्रावर असावा लागतो. स्केलिंगनंतर ते केंद्र सरकतं, ॲक्च्युएटर फाइलमधला आकडा तसाच राहतो. तो हाताने बदला.

बाहेरच्या बलांसाठी तीन गोष्टी पुरेशा: उभं बल वाय स्तंभात आणि धन आहे का, एका पायावर उभं असताना ते वजनाच्या जवळ आहे का (७० किलोच्या माणसासाठी सुमारे ६८७ न्यूटन), आणि दाबकेंद्र (पावलाखाली बल जिथे लागतं तो बिंदू) मीटरमध्ये आहे का. दाबकेंद्र मिलिमीटरमध्ये राहिलं तर टॉर्क हजारपटीने फुगतात आणि ते लगेच दिसतं. डावा-उजवा उलटला तर आकडे पटण्याजोगे वाटतात, म्हणून पडद्यावर बलाचा बाण टेकलेल्या पायाखालीच उगवतो ना, ते एकदा चित्रात बघून घ्या.